एका बहिणीसाठी प्रार्थना

विश्वासाने सांगितलेली गोष्ट मी फोडली, आणि तीही डोळे मिटून, हात जोडून.

परप्रांतातल्या या शहरात, मानसरोवर भागातल्या आमच्या फ्लॅटवर दर शनिवारी पाच-सहा मराठी ख्रिस्ती कुटुंबं प्रार्थनेला जमतात. सभा मी चालवतो. शहरातल्याच बनी पार्क भागातून एका जवानाची बायको एकटीच यायची, नवरा सीमेवर. एकदा सभेनंतर चहाचे कप उचलताना ती हळूच म्हणाली, "दादा, मला माहेरी निघून जावंसं वाटतंय. मतलब, कायमचं. कुणाला सांगू नका, फक्त प्रार्थना करा."

पुढच्याच सभेत मी प्रार्थना केली, "प्रभू, आमच्या एका बहिणीचं घर मोडू देऊ नकोस." नाव घेतलं नाही. पण तिच्याशिवाय एकटी येणारी होतीच कोण? ते वाक्य उच्चारण्याआधी मी क्षणभर थांबलो होतो. गप्प बसता आलं असतं. पण हे फक्त मलाच माहीत आहे, याची गोडी जिभेवर होती.

चहाच्या वेळी एक बाई तिला म्हणाली, "काय गं, इतक्यात कंटाळलीस नवऱ्याला?" ती चहा न घेताच निघून गेली.

"देवाशी बोलत होता," माझ्या बायकोने नंतर मला विचारलं, "की आम्हाला बातमी देत होता?"

ती बहीण यायची थांबली, शनिवार थांबेनात. प्रार्थना नको म्हणावं तर कारण सांगावं लागणार. करावी तर स्वतःचाच आवाज खोटा वाटायचा. लोक म्हणायचे, "तिच्यासाठीही करा ना." माझ्याच घरात, माझ्याच खुर्चीत मी अडकलो होतो.

देव मोह येऊ देतो तो विश्वास पारखायला, असं मी इतरांना शिकवत आलो. मोह म्हणजे दारू, लाच, परस्त्री. त्यात आपण पास. पण देवाला माझी पारख करायची गरजच नव्हती, तो मला ओळखून होता. मी कोण आहे हे मलाच दिसायला हवं होतं. आणि दिसल्यावर तिच्या दारी जाण्यावाचून सुटका नव्हती.

तिने दार अर्धवट उघडलं. "आता काय, दादा? नवी बातमी हवी?"

'चल, प्रार्थना करू' हे शब्द ओठांवर आलेच होते. डोळे मिटून देवाची क्षमा मागायची, तिने नुसतं ऐकायचं, किती सोपं. मी डोळे उघडेच ठेवले.

"ती प्रार्थना नव्हती," मी म्हणालो. "तू मला मनातलं सांगतेस हे सगळ्यांना कळावं, म्हणून बोललो. मी तुझा विश्वासघात केला. मला माफ कर. तुझी हरकत नसेल, तर हेच सगळ्यांसमोरही सांगेन."