गुलाबी गाडीचा पंख

पंखवाले भाऊ कोणाच्याही हाती गाडी देण्याआधी त्याला साबणाने हात धुवायला लावत आणि कोरड्या पंच्याला पुसायला लावत. गाडी असायची जेमतेम वीतभर. अमेरिकेत कधीकाळी धावणाऱ्या, मागे माशासारखे दोन पंख उभारलेल्या मोटारीची हुबेहूब छोटी प्रत. "पोटाखालून धरा, रंगाले बोट लावाचं नाई," असं ते घरी आलेल्या तहसीलदारालाही सांगत. गडचांदूरमध्ये त्यांचं खरं नाव फक्त पोस्टमनला माहीत असावं.

सिमेंट कारखान्याच्या खाणीवर ते डंपरचे मेकॅनिक होते. जन्मभर कोपरापर्यंत ग्रीस, आणि फिरायला सायकल. बदली होऊन निघालेल्या एका इंजिनिअरने त्यांना पहिली गाडी दिली, फिकट गुलाबी. मग ओळखीने, पार्सलने एकेक करत एकतीस झाल्या. मी एकदा विचारलं, "भाऊ, एवढे मोठे पंख कशाले? उडते का ही?"

"काईच कामाचे नाई!" ते खूश होऊन म्हणाले. "आपल्या डंपरमंदी एक नट बिनकामाचा नसते. इथी पाहा, निस्ती हौस."

मी त्याच डंपरांवर नंबर रंगवणारा पेंटर. एका गाडीवरचा टवका पाहून म्हटलं, आणा, मिनिटात भरून देतो. भाऊंनी गाडी छातीशी धरली. "पेंटर, तो टवका तिचाच होय. बनली तवाचा रंग एकदाच भेटते. वरून दुसरा लावला का गाडी मेली."

त्यांना लकव्याचा पहिला झटका आला, त्या धावपळीत काचेचं कपाट उघडंच राहिलं. मुलगा आणि सून वैशाली त्यांच्यासोबत चंद्रपूरच्या दवाखान्यात. शेजारी म्हणून घराची किल्ली माझ्याकडे. आठवड्याने डोकावलो, तर सगळ्या गाड्यांवर सिमेंटची पांढरी भुकटी. भाऊ ती दाढीच्या कोरड्या ब्रशने उडवत. मी ओलं फडकं घेतलं. गडचांदुरात उभा जन्म काढलेल्या माणसाने सिमेंटला पाणी लावलं! गुलाबी गाडीच्या पंखावर लगदा बसला आणि सुकला. नखाने खरवडला, तर रंगही निघून आला. घाबरून मी घरून डब्या आणल्या, अगदी तसाच गुलाबी मिसळला आणि पंख रंगवला. माझ्या हातून झालेलं ते सर्वांत नितळ काम असेल.

घर झाडून ठेवायला वैशाली एक दिवस आधी आली. दुसऱ्या दिवशी भाऊ परतले, काठी टेकत कपाटाशी गेले आणि एका नजरेत त्यांनी ओळखलं.

"वैशाली, हे काऊन केलं?"

"मी हातबी नाई लावला, बाबा."

"किल्ली त पेंटरकाकांकडे पण होती," मुलगा हळूच म्हणाला.

"पेंटर असं करन? त्याले रंगाची कदर आहे!"

वैशालीने माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं. मी बोलेन म्हणून ती थांबली, आणि मी चहा ढवळत राहिलो.

"चूक झाली त सांगावं लागते, पोरी," भाऊ म्हणाले. त्या दिवसापासून ते तिच्याशी बोलले नाहीत. अंगणात मी तिला म्हटलं, सवड पाहून सांगतो. "सांगा काका, पण लवकर सांगा," ती म्हणाली. "तुमच्याशिवाय त्यांच्याकडे येतेच कोण? म्हणून मी चूप बसली."

सवड पाहण्यात दोन वर्षं गेली. दुसऱ्या झटक्याने भाऊंची वाचा गेली. समज किती उरली आहे, डॉक्टरलाही सांगता येत नाही. गावात अजून म्हणतात, सुनेने सासऱ्याच्या गाडीची वाट लावली. ती मी लावली, हे इथे लिहून ठेवतो.

भाऊंनाही सांगितलं, मागच्या आठवड्यात. खाटेशी बसून सगळं सांगितलं. ओलं फडकं, नख, डब्या. एकदा सांगून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. भाऊ छताकडे पाहत होते.

वैशाली पेजेची वाटी घेऊन आली. भाऊंनी ओठ घट्ट मिटले आणि मान भिंतीकडे वळवली.

"रोजच असं करते बाबा," ती म्हणाली. तिने वाटी माझ्या हातात दिली.

मी चमचा पुढे केला. भाऊंनी तोंड उघडलं.