गादीवाला जॉबर

माधवनगरच्या आमच्या एका मागावर सूत सारखं तुटायचं. तीन दिवस मी झोपलो नव्हतो. चौथ्या दिवशी पलूसहून माग दुरुस्त करणारा जॉबर आला. हत्यारांची पिशवी एवढीशी, गादीची वळकटी मात्र मोठी. त्यानं माग चालवून पाहिला, कान लावला आणि शेजारीच गादी पसरून घोरू लागला. त्याची झोप मोडू नये म्हणून मी बाकीचे मागही बंद केले!

दोन तासांनी उठून त्यानं आडवं सूत नेणाऱ्या धोट्याची खरबरीत कड घासली. माग सुरळीत चालला.

मी चिडून म्हणालो, "आवं, तुमी तर नुसतं झोपलासा!"

"व्हय. तुमी तीन दिस जागून काय केलं?"

जाताना त्यानं गादी नेली नाही.

"उद्या नेतो," तो म्हणाला. "माग बरा झालाय, तुमी न्हाई."