आरिफाचा डावा हात

फुलसावंगीत बांगड्या भरायच्या म्हटलं की आरिफाच. दुकान नाही तिचं. मोटारसायकलच्या दोन्ही बाजूंना बांगड्यांच्या पेट्या बांधून ती गावोगाव फिरते. स्कूटी का घेत नाहीस, असं विचारलं की म्हणते, "वावराच्या रस्त्यानं स्कूटी चालवून दाखव, मंग बोल." बाई फटकळ, पण बांगडी अशी चढवते की जाड हाताच्या बायकासुद्धा हूं की चूं करत नाहीत.

उन्हाळ्यात ती अंगणात घसरून पडली आणि डावं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, मनातली धास्ती काही निघेना. गिऱ्हाइकाचा हात ती डाव्या हातानेच दाबून लहान करते, गाडीचा क्लचही डाव्याच हाताचा. तो हात गेला तर धंदाच बसला, आणि घर त्या धंद्यावर चालतं.

तिचा धाकटा भाऊ अय्याज यवतमाळला एका डॉक्टरांची मोठी कार चालवतो. आपा पुन्हा गाडीवर बसणार म्हणून पठ्ठ्या सुट्टी काढून आला. गाडी धुतली, पुसली, इंजिन ऑइलही स्वतः बदललं. पहिल्या दिवशी तिच्या मागे मी बसले. मी शेजारीण, त्यात शेजारधर्म थोडा आणि नसती उठाठेव जास्त.

सपाटीला गाडी ठीक चालली. गावाबाहेरचा चढ लागला आणि इंजिन नुसतं ओरडायला लागलं, गाडी मात्र पुढे सरकेना. आरिफाने ती कडेला घेतली. चेहरा पांढराफटक पडला होता.

"मावशी, क्लच नीट सुटून नाही राह्यला मायाच्यानं. संपलं सारं."

मला रागच आला. "कायले संपते? पुन्हा चालव, मले पाहू दे."

ती पुन्हा निघाली. मी तिच्या खांद्यावरून वाकून बघत होते. इंजिन तसंच ओरडलं, आणि तिची बोटं तर क्लचपासून पार मोकळी होती.

"अवं, तुया हात तं क्लचले लागलाच नाही! मंग चूक हाताची कशी?"

गाडी वळवली ती थेट रहेमान मिस्त्रीच्या दारात. त्याने आधी विचारलं, ऑइल कोणतं टाकलं? अय्याजला बोलावलं, तर तो छाती फुगवून डबाच घेऊन आला.

"एकदम भारीतलं हाये, भाई. डॉक्टरसाहेबाच्या कारमंदी हेच टाकतात."

रहेमान हसला. "कारले चांगलंच हाये, बाबा. कारचा क्लच ऑइलात नसते. या गाडीच्या क्लच-प्लेटा इंजिनच्याच ऑइलात बुडलेल्या असतात. एवढं गुळगुळीत ऑइल टाकलं, तं त्या एकमेकीले धरतीन कशा?"

नशीब, प्लेटा जळल्या नव्हत्या. त्याने सगळं ऑइल काढलं आणि मोटारसायकलचं भरून दिलं. अय्याजची मान खाली. "आपा, माफ कर." आता हिच्या तोंडाचा पट्टा सुटणार, असं मला वाटलं. पण तिने त्याच्या पाठीवर नुसती एक थाप दिली आणि किल्ली उचलली.

"बसा, मावशी."

तोच चढ. पेट्या, ती आणि माझं वजन घेऊन गाडी एका दमात वर गेली. वर पोचताच तिने गाडी थांबवली, डावा हात दोनदा उघडला, मिटला आणि भर रस्त्यात हुंदके देऊन रडायला लागली. मीही रडले, खोटं कशाला बोलू?

"गाडी बिघडलती वं, मावशी," ती म्हणाली. "मी नाही."