एक नकार हवा होता

पोरांनो, परवा फोनवर हसत विचारलंत, "आजी, तू म्हणे ॲप बनवलंस?" तुमच्या आईने गोष्ट अर्धीच सांगितलेली दिसते. उरलेली ती आपल्या सोयीने रचेल, त्याआधी मीच लिहून टाकते.

ॲप बनवलं शेजारच्या टेलरचाचांच्या मुलीने. ती इथेच जळगावात कॉम्प्युटर शिकली. धुळ्याच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांना पेशंटला तपासणीची वेळ मेसेजने कळवायची होती. पेशंटने उत्तर द्यायचं: येणार असेल तर १, नसेल तर २. नकार आला की ती वेळ आपोआप यादीतल्या पुढच्याला विचारली जायची. सोमवारी हे डॉक्टरांना चालवून दाखवलं तर काम तिचं, नाहीतर नोकरीसाठी पुणे. तिला जळगाव सोडायचं नव्हतं.

मेसेज विकणाऱ्या कंपन्यांचे दर ऐकून आम्ही माझा जुना फोनच कामाला लावला. रिचार्जमध्ये रोज शंभर मेसेज फुकट मिळतात, ते एरवी वायाच जातात. माझ्या वहीत नातेवाइकांचे नंबर वर्णानुक्रमे आहेतच. त्यातल्या तीस जणांना ही फक्त चाचणी आहे असं आधी फोन करून बजावलं. मजकूर माझा: "शनिवारी भरीत-पुरीला येणार का?"

तीसही जणांनी १ पाठवला. शनिवारी तीसही जण आले, काही लेकरांसकट.

"अहो, चाचणी होती ती!"

"मंग आम्ही बी चाचणीच करतो," धाकटे दीर पाट ओढत म्हणाले. "भरीतले कोन नाही म्हनस, अक्का?"

कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून माझे डोळे चुरचुरत होते. मुलगी पुऱ्या लाटता लाटता रडकुंडीला आली. "आजी, 'नाही' आल्याशिवाय पुढचं तपासणार कसं?"

गोतावळ्याकडून नकार काढायचा तर आमंत्रणच तसं हवं. मी नवा मजकूर दिला: "उद्या सकाळी सहाला कॉलनीची गटार काढायला एक माणूस कमी पडतोय. येणार का?" या वेळी मेसेज फक्त यादीतल्या पहिल्याला गेला.

पहिल्याचा २. मेसेज लगेच दुसऱ्याकडे. २. तिसरा, चौथा... आदल्या तासात माझ्या हातची चार-चार वांगी रिचवलेली ही माणसं, पण अंगठे कसे चपळ चालत होते! सतरा नकार आले, प्रत्येक वेळी मेसेज बिनचूक पुढे सरकला. मुलगी स्वयंपाकघरात उड्या मारत होती. अठरावा नंबर एरंडोलच्या नानांचा, वय माझ्याहून जास्त. त्यांनी १ पाठवला.

ते मनावर घेतील असं वाटलं नव्हतं. सकाळी सहाला दारात हजर, खांद्यावर फावडं.

"अक्का, मी उनू. बाकीना बठ्ठा कोठे शेतस?" मी आलो, बाकीचे सगळे कुठे आहेत, असं ते अहिराणीत विचारत होते.

म्हाताऱ्या माणसाला पहिल्या एसटीने बोलावून परत कसं पाठवणार? मी पदर खोचला, मुलीने सलवार दुमडली आणि तिघांनी मिळून खरोखर गटार काढली.

सोमवारी तिने डॉक्टरांना सतरा नकार आणि एक होकार ओळीने दाखवले. काम तिला मिळालं. धुळ्यात आजही तेच ॲप चालतं, आणि ती जळगावातच राहते.