मिरच्यांत मांडलेलं नाव

काल मिरच्या उन्हात घालायला पिशवी सोडली आणि असा ठसका लागला, की मी थेट नंदुरबारच्या पथारीवर जाऊन पोचले. पथारी म्हणजे मिरची वाळवायचं मैदान; नजर जाईल तिथवर लालच लाल.

तेव्हा मी तिथल्या शाळेत शिकवत होते; माझ्या पहिलीच्या वर्गातली सोनी शाळेत येईना, म्हणून मी पथारीवर गेले होते. तिची आई रतनबाई मिरच्यांचे देठ खुडत होती. "घरमा कोन्ही नही, पोरले कोठे ठेवू?" माझ्याकडे न बघताच ती म्हणाली.

मग मीही तिथेच बसकण मारली. फळा नव्हता, म्हणून जमिनीवर मिरच्या जुळवून र मांडला, मग त, मग न. सोनीने एकेका अक्षरावर बोट ठेवून आवाज काढला. आधी सुटा सुटा, मग जरा भराभर, आणि शेवटी एका दमात.

"रतन! माय, हाई तं तुन्हं नाव शे!"

रतनबाईचे हात थांबले. त्या मिरच्यांकडे ती बघत राहिली आणि पदराने डोळे टिपू लागली. "मिरचीना हात लागना डोयाले," ती म्हणाली. मी आपली सोनीने शब्द वाचला या आनंदात. "पाणी लावा," एवढंच म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून सोनी शाळेत येऊ लागली.

काल मिरच्या पसरताना माझा डोळा खाजला, आणि हात आपोआप अर्ध्यावरच थांबला. माझ्यासारखीचा थांबतो. रतनबाईचा तर जन्म मिरचीत गेला होता.