भाऊजींची प्रार्थना आणि उमेदवाराचं डोकं

माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, न्हावी आहेत आणि आमच्या चर्चच्या मंडळीचा कारभार पाहणारे ‘वडील’ही आहेत. आता ही दोन कामं वेगळी आहेत हे त्यांना कोण सांगणार? मी सांगून थकले. त्यांचं दुकान आणि माझं शिवणकाम यांच्यामध्ये फक्त एक प्लायवूडची फळी आहे. त्यामुळे बावीस वर्षं मी एका कानानं शिलाई मशीन ऐकते आणि दुसऱ्या कानानं प्रवचन.

दुकानात एकच खुर्ची, एकच आरसा आणि एकच कट. ‘सभ्य कट.’ तुम्ही काहीही मागा, तोच मिळणार. एकदा एका पोरानं फोनमधला कुणा नटाचा फोटो दाखवला. भाऊजींनी चष्मा लावला, फोटो नीट पाहिला, म्हणाले, “बिचारा. याच्यासाठी प्रार्थना करू,” आणि त्या पोराला सभ्य कट देऊन घरी पाठवलं. तरी गिऱ्हाईक येतं, कारण दर सगळ्यात कमी.

संस्कृती बुडाली यावर त्यांचं ठाम मत आहे आणि कशानं बुडाली याची यादी तोंडपाठ आहे. चर्चमधली गिटार, फाटक्या पँटी, बायकांचे आखूड केस आणि सगळ्यात वर, रविवारचा धंदा. रविवार प्रभूचा! त्या दिवशी ते स्वतःची दाढीसुद्धा करत नाहीत. ताईला शनिवारीच स्वयंपाक उरकायला लावतात आणि रविवारी थंडगार जेवताना म्हणतात, “किती शांत वाटतं, नाही?” ताईचं शांत वाटणं काय असतं ते मला ठाऊक आहे.

प्रत्येक गिऱ्हाइकासाठी ते आधी प्रार्थना करतात. डावा हात त्याच्या डोक्यावर, उजव्या हातात केस कापायचं मशीन, डोळे घट्ट मिटलेले. लहान मुलांसाठी छोटी, पिणाऱ्यांसाठी मोठी. आणि निवडणुकीच्या दिवसांत तर काय, विचारूच नका.

यंदा वॉर्डाच्या निवडणुकीला दोघं उभे होते. एक मोठ्या बाई. शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, आमच्याच मंडळीतल्या, तिसऱ्या बाकावर बसणाऱ्या, केस कानापर्यंत कापलेले. त्यांचं म्हणणं, चर्चसमोरच्या मैदानात रविवारी बाजार भरवायचा, कारण आठवडाभर राबणाऱ्या माणसानं खरेदी करायची कधी? भाऊजींच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की दोन दिवस ते फळीलाही प्रवचन देत होते.

दुसरा एक कंत्राटदार. सगळे त्याला साहेब म्हणत. पोस्टरवर भरघोस कुरळे केस आणि खाली ‘रविवार वाचवा’. हा गृहस्थ जन्मात चर्चमध्ये दिसला नव्हता, पण पोस्टर लागल्यापासून पहिल्या बाकावर.

“अहो भाऊजी,” मी म्हटलं, “त्यानं गीतांचं पुस्तक उलटं धरलं होतं. मी पाहिलंय.”

“माणूस बदलतो, मेहुणीबाई.”

“बदलू दे की. पुस्तक तरी सुलटं करायला सांगा.”

शनिवारी दुपारी साहेब स्वतः केस कापायला आले. संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये शेवटची सभा होती. भाऊजींना आभाळ ठेंगणं झालं! कापड बांधलं, पाण्याचा फवारा मारला, मानेवर मशीन लावलं आणि तेवढ्यात आठवलं की प्रार्थना राहिली. दुसऱ्या कुणीही मशीन बंद केलं असतं. आमच्या भाऊजींनी डोळे बंद केले.

वॉर्डासाठी मागितलं, गटारांच्या झाकणांसाठी मागितलं, तरुणांच्या पँटींसाठी मागितलं. साहेबांना भक्ती दाखवायची होती, म्हणून दर मागणीला ते जोरात “आमेन” म्हणत आणि मान खोल झुकवत. मान खाली जाई तसं मशीन वर सरके. चौथ्या आमेनला भाऊजींनी डोळे उघडले, तेव्हा मानेपासून कपाळापर्यंत सरळ रस्ता झाला होता. इतका रुंद की रविवारचा बाजार त्यावरच भरला असता.

ओरडा ऐकून मी धावत गेले. साहेब आरशात बघून पवित्र शास्त्रात नसलेले शब्द बोलत होते.

“सगळेच काढू का?” भाऊजींनी हळूच विचारलं.

“आणि मला ओळखणार कोण? पोस्टरवर केस आहेत!”

मग बघता बघता साहेबांचा चेहरा उजळला. म्हणाले, “पट्टी आहे का? डोक्याला बांधायची.” आणि मांडलं की हो गणित! म्हणे, आज सभेत सांगायचं, बाईंच्या गुंडांनी पकडून मारलं, डोकं भादरलं, का, तर हा रविवारसाठी बोलतो. “साक्षीदार तुम्ही. तुमच्या शब्दावर अख्खी मंडळी विश्वास ठेवते. रविवार पाहिजे ना तुम्हाला?”

पट्टी बांधून ते गेले. भाऊजी आपल्याच खुर्चीत बसले. बावीस वर्षांत मी त्यांना त्या खुर्चीत पाहिलं नव्हतं.

“मग?” मी तणतणले. “सांगा की खोटं. बाई पडायला हव्याच होत्या ना तुम्हाला?”

“मेहुणीबाई,” ते म्हणाले, “खरं सांगितलं तर रविवार जाईल. माझ्या हातानं जाईल.” आणि त्यांचे डोळे भरून आले. मला इतका राग आला होता, तरी मी झाडू घेऊन साहेबांचे केस गोळा करू लागले. या माणसाला मी आयुष्यभर हसले, पण रविवार त्याला खरंच प्रिय होता.

सभेत साहेबांची पट्टी पाहून हॉलमध्ये नुसता गोंधळ. “बाईंना बाहेर काढा!” कुणीतरी ओरडलं. ओरडणाऱ्याला अक्षरं बाईंनीच शिकवली होती. बाई पर्स दोन्ही हातांनी धरून उभ्या राहिल्या. साहेब म्हणाले, “साक्षीला आपल्या मंडळीचे वडील आहेत.”

भाऊजी उठले. त्यांनी खिशातून मशीन काढलं आणि वर धरलं.

“हे हत्यार,” ते म्हणाले, “आणि गुंड मी.”

सगळ्या माना साहेबांच्या पट्टीकडे वळल्या.

“मी डोळे मिटून प्रार्थना करत होतो. साहेब आमेन म्हणत होते. चार वेळा म्हणाले.”

मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळा हॉल फुटला. चर्चचे पाळकसुद्धा रुमालात तोंड घालून हलत होते.

“खोटं आहे!” साहेब ओरडले.

“पट्टी सोडा. एक ओरखडा जरी निघाला तर उद्यापासून दुकान बंद.” मग जरा थांबून, गप्प बसतील तर ते भाऊजी कसले, गरजले, “परवापासून! उद्या रविवार आहे! आणि बाजाराला माझा विरोधच आहे! बाई साफ चुकतायत! पण त्यांनी कुणाला मारलेलं नाही!”

बाई निवडून आल्या. बाजार भरू लागला. पहिल्या रविवारी भाऊजी चर्चमधून भिंतीकडे तोंड करून खेकड्यासारखे तिरके घरी गेले. ताई मागून भाजीची पिशवी पदराखाली धरून चालत होती, ते त्यांना अजून माहीत नाही. तुम्हीही सांगू नका.

सोमवारी दुकान उघडलं आणि पहिलं गिऱ्हाईक आलं. मोठ्या बाई. सरळ खुर्चीत बसल्या. मी टाके घालायचे सोडून फळीवरून डोकावले.

“बाई,” भाऊजी चाचरत म्हणाले, “इथे एकच कट मिळतो.”

“माहीत आहे. तोच द्या.”

भाऊजींनी मशीन उचललं आणि सवयीनं डोळे मिटले.

“थांबा,” बाई म्हणाल्या. “प्रार्थना हवीच आहे मला. मशीन आधी खाली ठेवा.”

त्यांनी मशीन आरशाखाली ठेवलं. दोन्ही हात बाईंच्या डोक्यावर ठेवले. घसा खाकरला.

“प्रभू,” ते म्हणाले, “या भगिनीला दीर्घायुष्य दे, सुबुद्धी दे, आणि येत्या रविवारी त्या बाजारात एकही माणूस येऊ देऊ नकोस.”

बाईंनी मान तसूभरही हलवली नाही. स्पष्ट, वर्गात हजेरी घ्यायच्या तशा आवाजात त्या म्हणाल्या, “आमेन.”