नऊ पावलं कमी

मोजणी खात्यात एकतीस वर्षं जमिनी मोजून निवृत्त झालेल्या त्या गृहस्थांना सगळे 'इंचभर' म्हणत. खुंटी ठोकणाऱ्याला ते हमखास सांगायचे, "इंचभर डावीकडे घे." निवृत्तीनंतर घरातल्या तसबिरी सरळ करून झाल्या, कपाटांची मापं घेऊन झाली. शेवटी बायकोने हात जोडले. "अहो, आता मला तेवढं मोजू नका."

त्याच सुमारास लेक पायाला प्लास्टर घालून घरी राहायला आली आणि दिवसभर कॉम्प्युटरवर गेम खेळू लागली. कुठल्याही मोठ्या कंपनीची मदत न घेता एका बाईने एकटीने केलेली ती मालिका होती. पाचही भागांत एकच जादूचं राज्य. आपण प्रवासी व्हायचं, सोबती जमवायचे, मंत्र शिकायचे, गावोगावच्या लोकांची कामं करायची. लेक तिसऱ्या भागात होती.

इंचभर चहा द्यायला गेले ते तिथेच थबकले.

"अगं, ही नदी चढावर चाललीय!"

"बाबा, वर ड्रॅगन उडतोय. त्याचं काहीच नाही वाटलं तुम्हाला?"

"ड्रॅगनमधलं मला काय कळतं? नदीतलं कळतं."

दुसऱ्या दिवशी ते आलेखवही घेऊन शेजारी बसले. कोणत्या बटणाने चालायचं ते शिकून घेतलं आणि पावलं मोजत राज्याचा नकाशा काढायला लागले. मोजता मोजता लांडगा येऊन खायचा, की सगळं पहिल्यापासून.

"तुम्ही मोजा," लेक म्हणाली, "लांडग्यांकडे मी बघते."

ती शाळेत असल्यापासून दोघं इतका वेळ एकत्र बसले नव्हते. बायको दारातून डोकावून, मान हलवून निघून जायची.

चौथ्या दिवशी गाडं एका किल्ल्यापाशी अडलं. बाहेरून भिंत बेचाळीस पावलं. आतल्या खोल्या, भिंतींच्या जाडीसकट, तेहेतीस. इंचभरांनी तीनदा मोजलं. नऊ पावलं गेली कुठे? लेकीने भिंतीवर मंत्र मारून पाहिले, कुऱ्हाड चालवली. भिंत ढिम्म. खेळणाऱ्यांच्या चर्चांमध्ये शोधलं, तर तिथे एखादी लपवलेली खोली असल्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. इंचभरांचं जेवणात लक्ष लागेना. अखेर त्यांनी गेमवाल्या बाईंना सविस्तर पत्र लिहिलं, सोबत नकाशा जोडला आणि लेकीकडून मेल करवलं.

आठवड्याने बाईंचाच फोन आला.

"नदीचं चुकलंच माझं. पण ती खोली तुम्हाला सापडली कशी?"

"सापडली नाही हो. कमी पडली."

बाई हसल्या. खोलीत काय होतं ते त्यांनाही धड आठवत नव्हतं. फोन चालू ठेवून त्यांनी जुन्या फायली उघडल्या. बराच वेळ नुसती बटणं वाजत होती.

"एक म्हातारी बसलीय," त्या म्हणाल्या. "मीच बसवली असणार. तिला एकच वाक्य दिलंय, 'आलास? बस.' पुढे काय बोलेल ते सुचलं नाही, म्हणून दार बुजवलं असणार."

"मग आता तरी विचारा की तिला!"

महिन्याभराने बाईंनी इंचभरांना कामच देऊ केलं. सहाव्या भागाची जमीन त्यांनी आखायची, गोष्ट मागाहून. प्लास्टर निघून लेक आपल्या घरी गेली होती. ती फोनवर खोखो हसली, पण फाइल कशी उघडायची ते तिने तासभर समजावलं.

इंचभरांनी डोंगर उठवले, उतार दिले, नदी खाली आणली. मग त्या मोकळ्या मुलखात ते एकटेच हिंडून आले. घर नाही, लांडगा नाही, माणूस नाही. दोन रस्ते मिळतात तिथे त्यांनी एका घरापुरती सपाटी ठेवली होती. बाईंना विचारलं, "इथे कोण राहणार?"

"ते तुम्हीच सांगा," बाई म्हणाल्या.

एकतीस वर्षं जमिनीची हद्द सांगितली. तिथे कोण राहतं हे ठरवायची वेळ कधी आली नव्हती. ते खुर्चीवरून उठून स्वयंपाकघरात गेले.

"अगं, फाट्यावर एकच घर असेल, तर तिथे कोण राहत असेल?"

बायकोने गॅस बारीक केला. स्टूल ओढून ती बसली.

"एकच? मग आधी सांगा, पाणी कुठून आणतात?"